मैदानावरचा पांढरा टी

डोळे मीट. अर्धवट नको, नीट मीट.

आता समज, तू एका लहानशा विमानाच्या मागच्या खुर्चीत आहेस. वर छप्पर नाही. एकावर एक असे दोन पंख आहेत आणि त्यांच्यावर कापड ताणून बसवलं आहे. पुढच्या खुर्चीत शिकवणारे मास्तर. तुला त्यांची फक्त चामडी टोपी दिसते. त्यांच्या तोंडापासून तुझ्या कानापर्यंत एक रबरी नळी आली आहे, आणि त्या नळीतून ते तुला रागवतात. तुझ्या गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा आहे. तो पुढे ढकलला की विमानाचं नाक खाली, मागे ओढला की वर, बाजूला कलवला की विमान त्या बाजूला कलतं. पायांनी शेपटी वळवायची. हात आणि पाय यांचं भांडण झालं, तर ओल्या शेणावरून सायकल घसरते तसं विमान हवेत घसरतं.

असं पुष्कळ दिवस चालतं. मग एका सकाळी मास्तर खुर्चीतून खाली उतरतात आणि म्हणतात, "जा, एकटा फिरून ये." आता पुढची खुर्ची रिकामी आहे. नळीतून कुणी रागवत नाही. आपल्याला कुणी रागवत नाही म्हणून कधी भीती वाटली आहे का तुला? त्या वेळी वाटते.

उघड डोळे.

हे सगळं नरहरच्या बाबतीत खरंच घडलं होतं. वर्ध्याच्या बंडोपंतांचा हा धाकटा मुलगा. मॅट्रिकला गणित आणि विज्ञान चांगलं होतं म्हणून घरच्यांनी त्याला नागपूरला कॉलेजात घातलं, आणि तिथे तो विमानं उडवायला शिकवणाऱ्या क्लबात जाऊन पोचला. सन छप्पन्नच्या उन्हाळ्यात तो दोन दिवसांसाठी घरी आला, तेव्हा जेवणाच्या पाटावरच वादाला तोंड फुटलं.

बंडोपंत कचेरीत हेडक्लार्क होते. न वाचलेला कागद त्यांनी आयुष्यात पुढे सरकवला नाही, असं ते स्वतः सांगत. ते म्हणाले, "कचेरीत एक जागा निघाली आहे. लक्ष्मणरावसाहेबांनी सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. सोमवारी माझ्याबरोबर चल."

"बाबा, मी वैमानिक होणार आहे."

"कधी?"

"ए लायसन याच उन्हाळ्यात मिळेल. मग बी लायसन."

"आणि झेड लायसन मिळेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल."

नरहरची पुतणी शरयू पंगतीत बसली होती. ती दहा वर्षांची होती आणि तिच्या तोंडात घास होता. तरी ती हसली, आणि वरणाचे शिंतोडे बंडोपंतांच्या धोतरावर गेले.

"हसायला काय झालं?" बंडोपंत म्हणाले. "विचार तुझ्या काकाला. इतके दिवस नागपुरात विमान चालवतो की विमान पुसतो?"

"दोन्ही," नरहर म्हणाला. "पुसल्याशिवाय चालवायला देत नाहीत."

शरयूची आई सुमती वाढत होती. ती म्हणाली, "भाऊजी, भात घ्या. पुसायलाही ताकद लागते."

तेव्हा नरहरने आपला शेवटचा पत्ता टाकला. येत्या रविवारी त्याची एकट्याने करायची लांबची फेरी होती. ती त्रिकोणी फेरी होती, नागपूरहून वर्धा, वर्ध्याहून गिरड आणि गिरडहून परत नागपूर. बरोबर नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. ही फेरी झाल्याशिवाय लायसन नाही.

बंडोपंतांनी हात धुतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "ठीक. रविवारी तू वर्ध्यावरून जाशील ना? मग आपल्या घरावर ये. मी मागच्या मैदानात उभा राहतो. विमान माझ्या डोक्यावर आलं, तर मी मानीन की तुला विमान नेता येतं. नाही आलं, तर सोमवारी कचेरी."

"घरावर?" नरहरचा चेहरा उतरला.

"का? नागपूर सापडतं, गिरड सापडतं, बापाचं घर सापडत नाही?"

दुपारी नरहर ओसरीवर पालथा पडून नकाशा बघत होता, तेव्हा शरयू त्याच्या शेजारी पालथी पडली.

"काका, तू घाबरलास?"

"हं."

"काऊन?"

"वरून तसं सगळं दिसतं. लोहमार्ग दिसतो, उजव्या पंखाखाली केळझरची टेकडी दिसते, स्टेशन दिसतं. पण घर? सगळ्यांच्या छपरांवरची कवेलू सारखीच लाल. मास्तरांबरोबर आलो होतो तेव्हा मी आपलं घर म्हणून ज्याला हात केला, तो म्हशींचा गोठा निघाला."

"आजोबांना सांगू?"

"सांगून बघ."

शरयू पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "पण काका, लायसन झालं की तू टपालाच्या मोठ्या विमानावर जाशील?"

"इतकं सोपं नाही गं." नरहर उठून बसला. त्याला कुणी विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नसे. "आधी डॉक्टर तपासतो. डोळे, कान, काळीज. लाल दिवा लाल दिसतो की नाही तेसुद्धा. मग मास्तरांबरोबर उडायचं, मग एकट्याने. मग ए लायसन. त्यावर फक्त स्वतःपुरतं उडता येतं. भाडं देणारी माणसं न्यायची तर बी लायसन हवं. त्याला खूप जास्त तास उडावं लागतं, रात्रीही. आणि वर परीक्षा. हवामान, नकाशा, इंजिन, कायदेकानू, शिवाय दिव्याच्या उघडझापीवरून अक्षरं वाचायची."

"आणि मग?"

"मग त्या मोठ्या विमानात, डाकोटात, उजव्या खुर्चीवर बसायचं. डाव्या खुर्चीवर मोठा वैमानिक. त्याचं बघून आणखी काही वर्षं शिकायचं."

"म्हणजे शाळा संपतच नाही."

"नाही संपत."

शरयूने थोडा विचार केला. "तुमच्या विमानात रेडिओ नाही, मग खाली उतरायचं कसं कळतं?"

नरहरने सुपातले गहू घेतले आणि ओसरीवर एक आकृती मांडली. एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला आडवी दांडी. "हा इंग्रजी टी. मैदानावर पांढऱ्या कापडाचा असा मोठा टी मांडतात. तो दिसला की समजायचं, इथे उतरायचं आहे. लांब दांडीच्या बाजूने यायचं आणि आडव्या दांडीकडे तोंड करून उतरायचं. हा टी मैलभरावरूनही दिसतो. आमचे मास्तर तर एकदा मोटार घेऊन पुढे गेले आणि भलत्याच शेतात टी मांडून बसले. विद्यार्थी डोळे उघडे ठेवून उडतो का, ते बघायला."

"मग तो उतरला?"

"उतरला. मास्तरांनी त्याला शाबासकी दिली आणि ऊस दिला. आता दुसरी गोष्ट ऐक, ही जास्त महत्त्वाची आहे. हा टी कोणत्या दिशेला मांडायचा..."

पण तेवढ्यात कुंपणापलीकडून लहानूने शीळ घातली. लहानू हा शेजारच्या धुरपताबाईचा मुलगा, शरयूच्याच वयाचा. शरयू उठली आणि पळाली. ती महत्त्वाची दुसरी गोष्ट ओसरीवर तशीच राहिली, आणि थोड्या वेळाने चिमण्यांनी ते गहू खाल्ले.

नरहर शनिवारच्या गाडीने नागपूरला परत गेला.

आता रविवारचं सांगतो. त्या दिवसांत गल्लीत कुरडयांची धामधूम होती. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. छपरं कवेलूची, उतरती. त्यावर काय वाळवणार? म्हणून बायका घराघरांतल्या बाजा मागच्या मोकळ्या मैदानात आणून टाकत, त्यांवर जुनी पांढरी धोतरं अंथरत आणि त्यावर कुरडया घालत. मग त्या घरी जेवायला जात आणि राखणीला पोरं बसवत, कारण कावळे असतात आणि शेळ्या तर असतातच.

त्या रविवारी राखणीला होते शरयू आणि लहानू.

शरयू त्या बाजांकडे बराच वेळ बघत राहिली. पांढऱ्या बाजा. मैदानभर विस्कटलेल्या, जिथे जिला जागा मिळाली तिथे.

"लहानू," ती म्हणाली, "ह्या बाजा उचलायच्या का?"

"काऊन?"

"टी करायला. काकाला मैलभरावरून दिसेल. मग तो बरोबर आपल्या घराशी येईल."

"माही माय मले हाणन."

"तिला काय कळणार? कुरडया तर वाळतीलच. इथे वाळल्या काय अन् तिथे वाळल्या काय."

या बोलण्यात लहानूला काही चूक दिसली नाही. तुलाही दिसणार नाही. दोघांनी दोन्हीकडून एकेक बाज उचलली. कुरडया हलू नयेत म्हणून ती खेकड्यासारखी तिरकी चालत होती. एका बाजेवरच्या दोन कुरडया लहानूने वाटेत कमी केल्या. ओल्या कुरडया चांगल्या लागतात, असं त्याचं मत होतं. आडवी दांडी त्यांनी मैदानाच्या पूर्व टोकाला मांडली, कारण शरयूचं घर तिकडे होतं. लांब दांडी पश्चिमेकडे नेली.

"झ्याक दिसून राह्यलं," लहानू म्हणाला.

बंडोपंत छत्री उघडून, खिशातलं घड्याळ हातात घेऊन मैदानात आले. त्यांनी बाजांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बायका आज शिस्तीत वागल्या. "अशी ओळ लावली की बरं दिसतं," ते म्हणाले. शरयूने मान डोलावली.

मग आवाज आला. आधी भुंग्यासारखा, नंतर गिरणीसारखा. लोहमार्गाच्या अंगाने एक लहानसं विमान येत होतं. ते स्टेशनवर आलं आणि सरळ पुढे जाणार असं वाटलं. बंडोपंत घड्याळ मिटायला लागले. एवढ्यात विमानाने पंख कलवला, मैदानाकडे वळलं आणि त्यांच्या छत्रीवरून गेलं.

"आला गं," बंडोपंत म्हणाले. त्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. "बरोबर डोक्यावर आला. लहानू, जा, माझ्या सुनेला बोलाव."

लहानू गेला. विमानाने मैदानाला एक फेरी घातली. मग दुसरी. इंजिनाचा आवाज हळू झाला. नाक खाली झुकलं.

"आपल्याला बघतो आहे," बंडोपंत म्हणाले आणि हात हलवू लागले.

शरयू हात हलवत नव्हती. तिला ते शेतातले मास्तर आठवले. विद्यार्थ्याने टी पाहिला आणि तो उतरला. काकाला वाटत असेल, हा टी मास्तरांनीच मांडला आहे. हे मैदान म्हणजे विमानतळ नव्हे. मध्ये खड्डे होते, कडेला शेळ्या होत्या, आणि टोकाला तिचं घर होतं. विमान इथे उतरलं तर लायसनचं जाऊ द्या, काकाचं काय होईल?

ती धावली. पहिल्या बाजेवरचं धोतर तिने दोन्ही हातांनी धरून ओढलं. कुरडया मातीत. दुसरं ओढलं. कुरडया मातीत. बंडोपंत ओरडले, "अगं, काय करतेस?" ती थांबली नाही. धोतरं ओढत, गुंडाळत, अडखळत ती लांब दांडीच्या शेवटापर्यंत गेली. वर इंजिनाचा आवाज पुन्हा मोठा झाला. विमान वर चढलं, वळलं आणि गिरडच्या दिशेने लहान होत गेलं.

मैदानात धूळ, कुरडया, आणि लगबगीने जेवायला आलेल्या शेळ्या.

पहिली धुरपताबाई आली. "काऊन वो पोरी? तीन दिस गहू भिजवला म्या. माह्या कुरोड्या शेळ्याईले काऊन चारल्या?"

"तुमच्या एकट्याच्या नाहीत, मावशी," शरयू म्हणाली. "सगळ्यांच्याच आहेत."

याने धुरपताबाईचं समाधान झालं नाही.

मग शरयूने सगळं सांगितलं. टी म्हणजे काय, तो कसा मांडला आणि का मोडला. लहानू सुमतीच्या मागे उभा होता. तो म्हणाला, "मले तं ती म्हने, कुरोड्या कुठीबी वाळते." त्याच्या ओठांवर चीक होता, म्हणून त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही.

बंडोपंतांनी छत्री काखेत धरली. चेहऱ्यावरचा आनंद गेला होता आणि तिथे हेडक्लार्क आला होता.

"म्हणजे घर त्याला सापडलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही त्याला खूण करून बोलावलंत. परीक्षेत उत्तर पुरवलंत. ही परीक्षा बाद."

"आजोबा, पण तो..."

"बाद. सोमवारी कचेरी."

मदत करायला जावं आणि ज्याला मदत करायची त्याचंच वाटोळं व्हावं, असं झालं की माणूस रडतसुद्धा नाही. शरयू ओसरीच्या खांबाशी बसून राहिली. दुपारचं तिने काही खाल्लं नाही. सुमतीने ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळच्या गाडीने नरहर आला. तो खुशीत होता. फेरी पुरी झाली होती. बंडोपंतांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला, पिऊ दिलं आणि मग निकाल ऐकवला. धुरपताबाई आपल्या नुकसानीची दाद मागायला आली होती, तीही दाराशी थांबून ऐकत होती.

नरहर म्हणाला, "बाबा, खरं आहे. घर मला सापडलं नव्हतं. मी पुढे निघालो होतो. टी दिसला म्हणून वळलो."

"बघा," बंडोपंत म्हणाले.

"मला वाटलं, मास्तरांनीच परीक्षा घ्यायला मांडला आहे. उतरायचं म्हणून एक फेरी घातली."

शरयूने खांबाआडून विचारलं, "आणि मी धोतरं ओढली म्हणून नाही उतरलास?"

"छे. तू ओढायच्या आधीच मी ठरवलं होतं, उतरायचं नाही."

"का?" हे बंडोपंतांनी विचारलं.

"स्टेशनात इंजिन उभं होतं. त्याचा धूर पूर्वेकडे जात होता. म्हणजे वारा पश्चिमेचा. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरवायचं, म्हणजे लवकर थांबतं. कावळासुद्धा तसाच बसतो. आणि हा टी म्हणत होता, पूर्वेकडे तोंड कर, वारा पाठीवर घे. तसा उतरलो असतो तर थांबलोच नसतो. मैदान संपल्यावर आपल्या स्वयंपाकघरात आलो असतो."

"अगं बाई," सुमती म्हणाली.

"आमचे मास्तर चुकूनही असा टी मांडणार नाहीत. मग नकाशा पाहिला. वर्ध्याला उतरायची जागा दाखवलेलीच नाही. मला सांगितलं होतं गिरड. मी गिरडला गेलो."

"मग दुसरी फेरी कशाला घातलीस?" शरयूने विचारलं.

"टी कशाचा केला आहे ते बघायला. कळेना. पांढऱ्यावर गोल गोल काहीतरी. मग एक मुलगी धोतरं ओढत पळायला लागली आणि मागून शेळ्या आल्या, तेव्हा कळलं, कुरडया."

धुरपताबाईला हसू आलं, पण तिने ते पदराआड केलं, कारण नुकसानीची दाद अजून लागायची होती.

बंडोपंत मात्र हसले नाहीत. ते झोपाळ्यावर बसले आणि पायाने हळूहळू झोका घेऊ लागले. मग ते म्हणाले, "खूण तुझ्या मास्तरांची आहे असं तुला वाटलं. तरी तू धूर पाहिलास."

"हो."

"नकाशा पाहिलास."

"हो."

"आमच्या कचेरीत साहेबाची सही दिसली की पोरं कागद पुढे सरकवतात. वर काय लिहिलं आहे ते वाचत नाहीत. मी ओरडून थकलो." त्यांनी झोका थांबवला. "उद्या सोमवारी तू माझ्याबरोबर कचेरीत येशील."

नरहरने मान खाली घातली. शरयूला वाटलं, आता आपण रडणार.

"येशील आणि लक्ष्मणरावसाहेबांना तुझ्या तोंडाने सांगशील, की जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी सांगणार नाही. माझ्याने सांगवायचं नाही."

मग दारातून आवाज आला.

"ते समदं बराबर हाय, पंत. पन माह्या कुरोड्या?"

बंडोपंतांनी शरयूकडे बोट केलं. "ज्यांनी बाजा हलवल्या, त्यांनी सोऱ्या फिरवायचा. दोघांनी. गल्लीतल्या सगळ्यांच्या कुरडया होईपर्यंत."

"लहानूने सोऱ्या फिरवला तं कुरोड्या उरनच नाई," धुरपताबाई म्हणाली. "तो चीकच खाते. पोरीले धाडजा. गुरुवारी पहाटे."

गुरुवारी पहाटे शरयू धुरपताबाईच्या अंगणात हजर होती. चीक वाफाळत होता. सोऱ्या गरम होता आणि घट्ट फिरत होता. पहिल्या काही कुरडया वाकड्यातिकड्या पडल्या, मग हात बसला. धुरपताबाई आणखी चीक आणायला आत गेली. शरयूने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिने कोरड्या मातीची चिमूट घेतली, खांद्याच्या उंचीवरून सोडली आणि ती कुठे उडते ते बघितलं. मग ती बाजेच्या बरोबर त्या बाजूला गेली, वाऱ्याकडे तोंड केलं, आणि धोतरावर सोऱ्या सरळ ओढत एक लांब अंग काढलं. त्यावर दोन पंख काढले, एकावर एक. मग शेपटी.

"हे काय वो?" धुरपताबाई परत आली होती.

"कुरडई," शरयू म्हणाली, आणि पुढच्या खुर्चीतला मास्तर काढायला तिने सोऱ्या पुन्हा उचलला.